काळोख डोळे काढून घेत नाही

बुलढाणा जिल्ह्याचे बोलण्यात दोनच भाग पडतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. हा घाट म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराची रांग. पश्चिमेला जिल्ह्याची हद्द ओलांडली की याच डोंगरात अजिंठ्याची लेणी आहेत आणि घाटावरच्या मुलखात, दक्षिणेकडे, लोणारचं विवर आहे. एक जागा अंधारी, पण दार सताड उघडं. दुसरी चहूबाजूंनी काठ असलेली, पण डोक्यावर आभाळ मोकळं. गुहेतले कीटक आंधळे आणि फिकट कसे होतात, या जुन्या कोड्याचं उत्तर शोधताना या दोन जागा डोळ्यांपुढे ठेवाव्यात. कारण अंधारात राहिलं की डोळे जातात हा आपला समज अर्धाच खरा आहे. काळोख स्वतः काही करत नाही. डोळ्यांच्या जनुकात झालेली मोडतोड तो फक्त माफ करतो. पुढचं काम बंद दार, उपासमार आणि लाखो वर्षं मिळून करतात.

न वापरलेला अवयव झडतो, ही कल्पना फार जुनी. खुद्द डार्विननेही १८५९च्या ग्रंथात गुहेतल्या प्राण्यांचं आंधळेपण मुख्यतः ‘न वापरण्या’च्या खात्यावर टाकलं होतं. त्याला जनुकं ठाऊक नव्हती, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण या कल्पनेची उत्तम परीक्षा जपानमध्ये झाली. क्योतो विद्यापीठात १९५४ साली स्युइती मोरी यांनी फळमाश्या मिट्ट काळोखात वाढवायला सुरुवात केली आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी तो वंश चालूच ठेवला. सत्तावन्न वर्षांत सुमारे १४०० पिढ्या झाल्या. माणसाच्या हिशेबाने ही तीस-पस्तीस हजार वर्षं! २०१२ साली या माश्यांचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला, तेव्हा एकेका अक्षराचे सुमारे दोन लाख वीस हजार फरक आढळले. प्रकाश टिपणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकाचं वाचन मध्येच तुटलेलं होतं. डोळे मात्र जागच्या जागी, लाल आणि शाबूत. वापर नव्हता म्हणून डोळे झडले नाहीत, फक्त एक चूक बिनबोभाट टिकून राहिली. कोणी म्हणेल, १४०० पिढ्या म्हणजे काहीच नाही. हे खरंच आहे, आणि म्हणूनच प्रयोगशाळा सोडून निसर्गाने केलेल्या प्रयोगाकडे वळायला हवं.

तो प्रयोग पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या यिल्गार्न भागात सापडतो. तिथल्या रुक्ष जमिनीखाली चुनखडीचे सुटे सुटे थर आहेत आणि त्यांच्या पोकळ्यांत पाणी आहे. लक्षावधी वर्षांपूर्वी प्रदेश कोरडा पडत गेला, वरचे ओढे आटले आणि त्यांतले पाणभुंगेरे या थरांत उतरले. वर परतायला वाट उरली नाही, एका थरातून दुसऱ्या थरात जायलाही नाही. आज तिथे शंभराच्या आसपास जाती माहीत आहेत, आणि बहुतेक प्रत्येक जात एकाच थरापुरती. जनुकाची भाषा तीन-तीन अक्षरांच्या शब्दांची असते. मधलं एक अक्षर गळलं की पुढचे सगळे शब्द चुकीच्या जागी तुटतात आणि वाक्य निरर्थक होतं. उजेडात राहणाऱ्या भुंगेऱ्याच्या डोळ्याच्या जनुकात असं झालं तर तो भक्ष्य होतो आणि चूक त्याच्याबरोबर संपते. भूगर्भात ती पोरांना मिळते. या आंधळ्या भुंगेऱ्यांमध्ये डोळ्याचा रंग तयार करणारं ‘सिनाबार’ जनुक आणि प्रकाश टिपणारी ऑप्सिन जनुकं अशीच मोडलेली आढळली. लक्षात घेण्याजोगं हे की वेगवेगळ्या जातींत मोडतोड वेगवेगळ्या जागी आहे. काळोखच ठरवून डोळे काढत असता तर वार एकाच जागी दिसला असता. शेजारच्या दहा पडक्या वाड्यांत कुठे तुळई आधी खचते, कुठे भिंत, हेही तसंच.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. निव्वळ योगायोगाने मोडतोड साचत असेल, तर डोळे इतक्या नेमाने का जातात? आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर भुकेत आहे. मेक्सिकोत गुहेत आणि बाहेर उजेडातही राहणाऱ्या एका माशावर २०१५ साली झालेल्या मोजमापात, विसाव्यातल्या शरीराच्या ऊर्जेपैकी पाच ते पंधरा टक्के खर्च डोळे आणि त्यांच्याशी जोडलेल्या मेंदूवर होतो असं दिसलं. मासा जितका लहान, तितका वाटा मोठा. जिथे वरून झिरपलेला पालापाचोळा हेच वर्षभराचं अन्न, तिथे हा खर्च डोईजड होतो आणि डोळे आखडलेला जीव टिकून राहतो. रंगाचं तसं नाही. रंग जाण्यात योगायोगाचा वाटा बराच मोठा असावा. क्योतोच्या माश्यांना मात्र खायला भरपूर होतं, काटकसरीचं कारणच नव्हतं. आणि गुहा फक्त हिरावून घेते असंही समजू नये. गुहेतल्या अनेक कीटकांच्या मिशा आणि पाय लांबलचक होतात. पिरेनीज पर्वतातल्या काही गुहाभुंगेऱ्यांची अळी तर अंड्यातून बाहेर येते आणि काहीही न खाता थेट कोष करते. तिची शिदोरी आईने मोठ्या अंड्यातच बांधून दिलेली असते.

आता घरच्या दोन जागांकडे. अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी सुमारे २२०० वर्षांची. काळ थोडा आणि दार उघडं. आतल्या किड्यात एखादी चूक साचलीच, तरी बाहेरून येणारा प्रत्येक जोडीदार धडधाकट जनुक घेऊन येतो. लोणारला काळाची टंचाई नाही. २०१० साली आर्गॉन पद्धतीने त्याचं वय पाच लाख सत्तर हजार वर्षं निघालं. आधीचा अंदाज बावन्न हजारांचा होता. पण पंख असलेल्या किड्याला १.८ किलोमीटर रुंदीच्या विवराचा काठ म्हणजे काही भिंत नव्हे. लोणारचं खरं कुलूप विवरातल्या तळ्याच्या पाण्याच्या खारेपणाचं आणि क्षारतेचं आहे, आणि त्याचे मालक सूक्ष्मजीव आहेत. जून २०२०मध्ये तळं गुलाबी झालं ते त्यांच्यामुळेच, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवलं.

म्हणजे बुलढाण्याच्या काळ्या पाषाणात गुहाकीटकाला जागाच नाही? हा पाषाण बेसॉल्ट, आणि बेसॉल्टमध्ये चुनखडीसारख्या गुहा होत नाहीत, हा भूगर्भाच्या अभ्यासकांचा आक्षेप रास्त आहे. पण १९७१ साली कीटकशास्त्रज्ञ फ्रान्सिस हॉवर्थ यांना हवाई बेटावरच्या लाव्हाच्या नळ्यांत आंधळे कीटक सापडले. खडक बेसॉल्टच, आणि ते बेट दहा लाख वर्षांहूनही तरुण. हॉवर्थ यांनी सांगितलेली गोष्ट साधी होती: माणूस शिरू शकतो तीच गुहा, हा माणसाचा अहंकार, किड्याला काही मिलिमीटरची भेग पुरते. अशा भेगा विहीर खणणाऱ्यांना नेमक्या ठाऊक असतात. मुरूम, मांजऱ्या खडक, दोन थरांमधली सांध: पाणी लागतं ते तिथेच. केरळातल्या कोट्टायमच्या एका विहिरीतून आलेल्या आंधळ्या माशाचं वर्णन १९५०मध्येच झालं आहे.

तेव्हा उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढताना किंवा पंपाच्या तोंडाला फडकं बांधून पाणी उपसताना एखादा पांढुरका, डोळे नसलेला किडा दिसला, तर तो फेकू नका. फॉर्मलिनमध्येही ठेवू नका, त्यात जनुकांचा धागा खराब होतो. कडक स्पिरिटच्या बाटलीत घाला, गाव आणि विहिरीची खोली चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा आणि पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं पश्चिम केंद्र आहे, तिथे पोचवा.