मानेचं दुखणं अंगावर काढू नका



दसरा-दिवाळी झाली, की सोनईच्या शिवारात कोयत्यांचा आवाज ऐकू येऊ लागतो. मुळा सहकारी साखर कारखान्याच्या या पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं आणि गाडीत टाकायची. सारा भार येतो तो मानेवर. गुरुजींच्या डोक्यावर मोळी नसते खरी. पण वह्या तपासताना तास-तास खाली घातलेली मानसुद्धा केव्हातरी कुरकुरतेच.

मान आखडली, की आपण म्हणतो, ‘उसण भरली’, नाहीतर ‘वात धरला’. तेल चोळतो, शेकतो आणि कामाला लागतो. पुष्कळदा तेवढ्यानं बरंही वाटतं. परंतु सगळी मानदुखी एका जातीची नसते. आपली कोणती, हे आधी ओळखलं पाहिजे.

मानेत 7 मणके असतात. मणक्यांच्या मध्ये मऊ चकत्या असतात. वय वाढतं तशा त्या सुकतात, दबतात. मणक्यांच्या कडेला हाड वाढतं, मागचे छोटे सांधे झिजतात. यालाच मानेचा संधिवात म्हणतात. वर्षानुवर्षं डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांत ही झीज अधिक आढळते.

झीज नुसती सांध्यांतच असेल, तर मान दुखते, आखडते. बाजूने निघणारी मज्जातंतूची मुळी दबली, तर कळ खांद्यातून हातात उतरते, बोटांना मुंग्या येतात. आणि मधला मज्जारज्जूच दबला, तर कधी कधी मान फारशी दुखतही नाही! सदऱ्याची गुंडी लागेना, खडू हातातून निसटू लागला, अक्षर बिघडलं, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा सुटला, अशी लक्षणं दिसली, तर एक दिवसही थांबू नये. मज्जारज्जूची गेलेली शक्ती पुष्कळदा पुरती परत येत नाही. अशा वेळी शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला, तर भिऊन टाळू नये.

मानदुखीबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, रात्री कळ वाढत असेल, तर मणक्याचा क्षयही असू शकतो. सकाळी बोटांचे सांधे सुजून बराच वेळ आखडत असतील, तर तो आमवात असू शकतो. या दोहोंचे उपचार अगदी निराळे. पडल्यावर किंवा अपघातानंतर मान दुखू लागली, तर ती न हलवता ताबडतोब दवाखाना गाठावा.

मग नुसता एक्स-रे काढला की झालं का? नाही. साठीतल्या बहुतेकांच्या फोटोत झीज दिसतेच, आणि त्यांतल्या कित्येकांची मान कधी दुखलेली नसते. म्हणून डॉक्टरांनी मान वळवून, हातातला जोर, बोटांची जाणीव आणि चाल तपासून पाहणं महत्त्वाचं. नस किंवा मज्जारज्जू दबल्याची शंका आली, तर एमआरआय काढतात. सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावी. तिथून गरजेप्रमाणे जिल्हा रुग्णालयात पाठवतात. जाताना दुखणं कधी सुरू झालं, कळ कुठवर जाते, कोणती औषधं घेतली, हे आठवून सांगावं.

साधी झीज असेल, तर घाबरू नये. झिजलेली चकती नवी होत नाही, पण दुखणं बहुधा आटोक्यात राहतं. थोडा शेक, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी आणि शिकवलेला व्यायाम रोज करावा. उशी अशी घ्यावी, की मान सरळ राहील. मोळी लहान बांधावी. पट्टा महिनोन्‌महिने घालू नये. त्यानं स्नायू दुबळे होतात. ओळखीच्या माणसाकडून ‘मान मोडून’ घेणं तर सोडूनच द्यावं. त्या झटक्यानं क्वचित जिवावर बेतू शकतं. बिननावाच्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. आज आराम पडतो, पण पुढे हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते.

हंगाम आहे, रोज बुडेल, म्हणून माणूस थांबतो, हे आम्ही जाणतो. पण मंडळी, तपासणीत एक दिवस जाईल; हातातला जोर गेला, तर कोयताही सुटेल आणि खडूही.