नोकरीसाठीं आत्मपरिचय

आपल्या घरांत ‘बायोडाटा’ हा शब्द दोन प्रसंगीं ऐकूं येतो. एकदां लग्न जमवितांना आणि एकदां नोकरी शोधतांना. या दोन कागदांचीं कामें अगदीं भिन्न आहेत. पहिल्यांत कूळ, उंची, रास, मामांचें गांव, सर्व कांहीं येतें. दुसऱ्यांत वाचणाऱ्याचा प्रश्न एकच असतो: हा मनुष्य आमचें काम करील काय? हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें कित्येक लायक मुलांचे अर्ज पहिल्याच चाळणींत गळून पडतात.

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर तर हा विषय पोटापाण्याचा झाला आहे. न्हावा-शेवा बंदर १९८९ सालीं सुरू झालें. २०२४ च्या जानेवारींत शिवडीहून येणारा अटल सेतु खुला झाला. शेती, मिठागरें आणि मासेमारी यांवर चालणाऱ्या घरांतील मुलांस आतां कागदावरून स्वतःची ओळख पटवावी लागते. आणि ही विद्या आम्हीं त्यांस शाळेंत शिकविली नाहीं, हें मला कबूल केलें पाहिजे.

माझा एक जुना विद्यार्थी असाच कागद घेऊन आला. कोळ्याचा मुलगा, बारावीनंतर शिक्षण सुटलेलें. बंदराजवळच्या एका गोदामांत जागा होती. कागद तीन पानांचा. ‘मी मेहनती व प्रामाणिक आहें’ हें वाक्य ठळक अक्षरांत, छंद क्रिकेट व वाचन, अनुभवापुढें ‘नाहीं’. मीं विचारलें, “अरे, मग चार वर्षें काय करीत होतास?” खालीं पाहत तो म्हणाला, “कांहीं नाहीं गुरुजी, बाबांच्या होडीवर होतों.” होडीचें इंजिन तो स्वतः उघडून दुरुस्त करी, डिझेलाचा व बर्फाचा हिशेब ठेवी, खलाशांचे वाटे करी. त्याचें प्रमाणपत्र नव्हतें, म्हणून त्याच्या लेखीं तें कांहींच नव्हतें!

मीं त्यास एक जुनी गोष्ट सांगितली. १९१२ सालीं श्रीनिवास रामानुजन यांनीं मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्यें कारकुनाच्या जागेसाठीं अर्ज केला. पदवी नव्हती. अर्जांत त्यांनीं आपण मॅट्रिक झाल्याचें, पुढील शिक्षण प्रतिकूल परिस्थितीमुळें खुंटल्याचें आणि मधला काळ गणितांत घालविल्याचें थोडक्यांत सांगितलें. सोबत एका प्राध्यापकांचें शिफारसपत्र जोडलें. १ मार्चपासून ते दरमहा ३० रुपयांवर रुजू झाले. मधला खंड त्यांनीं लपविला नाहीं. त्या काळांत काय केलें तें सांगितलें.

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. जाहिरात दोनदां वाचावी आणि तिच्यांत मागितलेले जे गुण आपणांत खरोखर आहेत, ते त्याच शब्दांनीं प्रथम मांडावे. कारण हल्लीं पुष्कळ ठिकाणीं पहिली निवड संगणकच शब्द पाहून करतो. अलीकडचें काम आधीं, जुनें मागाहून. ‘मेहनती’ या विशेषणापेक्षां ‘चार वर्षें इंजिनाची देखभाल केली’ हें वाक्य अधिक बोलतें. नवख्यास एक पान पुरे. नांव प्रमाणपत्रावर असेल तसेंच लिहावें. ज्यांचीं नांवें ओळखीसाठीं द्यावयाचीं, त्यांची परवानगी आधीं घ्यावी. खोटें एक अक्षरही घालूं नये. मुलाखतींत तेंच प्रथम उघडें पडतें. सरकारी जागेचा छापील नमुना मात्र मागेल तें सर्व, जातीसह, मागेल तसेंच भरून द्यावा. आणि धाडण्यापूर्वीं कागद घरांत कोणास मोठ्यानें वाचून दाखवावा; कान चूक लवकर पकडतो.

आम्हीं दोघांनीं तो कागद एका पानांत बसविला. मुलाखतीचें बोलावणें आलें. जागा दुसऱ्यास मिळाली. परंतु परत आल्यावर तो म्हणाला, “गुरुजी, त्यांनीं सारा वेळ होडीबद्दलच विचारलें.” पुढच्या अर्जांत ‘अनुभव’ हा रकाना त्यानें स्वतःच भरला, मला न विचारतां.

श्रोतेहो, आपल्या घरींही एखादा मुलगा किंवा मुलगी असा कागद लिहीत बसली असेल. तिच्याजवळ बसा, आणि तिनें ‘कांहीं नाहीं’ म्हणून काय काय वगळलें आहे, तें एकदां विचारा.