मधुमेही सभासदांनी काय शिकून घ्यावे ?



कारखान्याचा चिटबॉय फडावर येतो, नोंद घेतो, दोन गोष्टी सांगतो आणि जातो. पाणी कधी द्यायचं, कधी तोडायचं हे रोज ठरवावं लागतं ते आपल्यालाच. मधुमेहाचेही तसेच आहे. डॉक्टरांची भेट महिन्यातून दहा मिनिटांची. बाकीचे दिवस निर्णय आपले. बोस्टनच्या डॉ. इलियट जोस्लिन यांनी हे फार पूर्वी ओळखले. १९१८ साली, इन्सुलिनचा शोध लागण्याआधीच, त्यांनी रोग्यांनाही वाचता यावे असे मधुमेहाचे पुस्तक काढले. रोग्याला शिकवणे हा उपचाराचाच भाग, असे ते मानीत.

आपल्याकडे मात्र "शुगर निघाली" म्हटले की गोड बंद करायचे, एवढेच ठाऊक. ज्वारीच्या भाकरीचीही पोटात साखरच होते. भाकरी सोडू नये, पण किती खातो ते मोजावे. सोबत पालेभाजी, डाळ वाढवावी. "मी तर काटकुळा, मला कशी होईल ?" असेही कुणी म्हणू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की, सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते.

आता आपल्या कामातला धोका. रात्रीची लाईट आली की गडी गोळी घेऊन, अर्धवट जेवून दारं धरायला जातो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर अशा वेळी ७० च्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातापायाला कापरे, डोळ्यापुढे अंधारी. बघणाऱ्याला वाटते, हा पिऊन आलाय! लगेच तीन लहान चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटे बसावे, बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी, मग भाकरी खावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. तडक दवाखाना गाठावा. तेव्हा मधुमेही ऊस-उत्पादकाने खिशात साखरेची पुडी बाळगावी, हे ऐकायला विपरीत वाटले तरी खरे आहे. आपली गोळी यात मोडते का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट पायांची. जुन्या मधुमेहात तळव्यांची संवेदना जाते. तोडणी झालेल्या रानात उसाचा बुडखा घुसला तरी कळत नाही. कळते ते जखम चिघळल्यावर, आणि मग बोट किंवा पायही काढावा लागतो. फडात अनवाणी जाऊ नये. बूट घालण्याआधी झटकून आत हात फिरवावा. रोज संध्याकाळी दिव्याखाली तळवे बघावेत; वाकवत नसेल तर नातवाला बघायला सांगावे, पोरांची नजर तीक्ष्ण असते. गरम पाण्यात पाय शेकू नयेत.

इन्सुलिनची बाटली परभणीच्या मे महिन्यात उघड्या फडताळावर टिकत नाही. फ्रीज नसेल तर पिशवीत घट्ट बांधून ओल्या मडक्यात, सावलीत ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन वाया जाते.

साखर ताब्यात आली म्हणून मनाने गोळी बंद करणारे पुष्कळ आहेत. ती ताब्यात आहे ती गोळीमुळेच. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. जाताना घरात स्वयंपाक जी करते तिलाही सोबत न्यावे, कारण डॉक्टरांनी सांगितलेले ताटात उतरते ते तिच्याच हातून.