दिसली ती शीर, बिघाड भलतीकडेच!

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला आधी पोटच आठवतं. त्यामुळे डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘उजव्या पायाचा व्हेनस डॉपलर’ लिहिलं, तेव्हा मी विचारलंच, पायाची कसली सोनोग्राफी?

माझं पोळी-भाजी केंद्र आहे. १८ वर्षं ओट्यापाशी उभ्याने गेली. पोटरीवर फुगलेल्या शिरांचं जाळं, संध्याकाळी पाय शिसं ओतल्यासारखा जड. चार वर्षांपूर्वी एका दवाखान्यात त्या शिरांमध्ये इंजेक्शनं घेतली. वर्षभर बरं होतं, मग जाळं पुन्हा हजर! पुढे घोट्याजवळ कातडी काळी पडली, खाजवून जखम झाली. चार महिने भरेना. शुगर नॉर्मल. हळद झाली, मलमं झाली.

तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी गेले. टेबलावर आडवी होणार, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काकू, उभ्याच राहा. भार डाव्या पायावर द्या.” उभं असताना रक्त खाली ओढलं जातं, गळती तेव्हा नीट सापडते. साडी जांघेपर्यंत वर घ्यायची म्हणजे संकोच वाटतोच. (बाई डॉक्टर नसतील तर सोबतीला कुणाला तरी आत घ्या, हक्काने सांगा.)

थंडगार जेली लावून जांघेत यंत्र टेकवलं आणि बाईंनी माझी पोटरी दाबली. पडद्यावर निळा रंग चमकला. हात सोडला तर लाल, तोही बराच वेळ! मला वाटलं, लाल म्हणजे शुद्ध रक्त. त्या हसल्या. “रंग फक्त दिशा सांगतो, काकू. शिरेतल्या झडपा रक्त वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटं आलं, की झडप बिघडली समजायचं. तुमचं तीन सेकंद येतंय.”

म्हणजे वर टाकीचा कॉक गळतोय आणि मी खाली फरशी पुसत बसलेली! घोट्यापासून जांघेपर्यंत जाणाऱ्या मोठ्या शिरेची वरची झडपच गेली होती. इंजेक्शनांच्या वेळी ही तपासणी कुणी सुचवलीसुद्धा नाही, याचा राग अजून येतो.

मग बाईंनी खोलवरच्या शिरा यंत्राने दाबून पाहिल्या. त्या चपट्या झाल्या, म्हणजे गुठळी नाही. हे न बघता वरची शीर बंद करणं धोक्याचं. सुई नाही, एक्स-रे नाही, सगळं अर्ध्या-पाऊण तासात.

पुढच्या महिन्यात लेसरने ती शीर आतून बंद केली. जखम सात आठवड्यांत भरली, काळा डाग मात्र तसाच आहे. पोळ्या आता उंच स्टुलावर बसून लाटते, मधूनमधून उठून चार पावलं चालते. सासूबाई म्हणतात, “बसून लाटलेली पोळी गोल होत नाही.”

होते.