छापलेला थर्मामीटर

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. ‘मराठी विभागासाठी लिही’ म्हटल्यावर घामच फुटला. रेझिस्टन्सला मराठीत ‘रोध’ म्हणतात हे मला परवा आईने सांगितलं. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

विषय मात्र घरचा आहे. माझी मावशी सालेकसा तालुक्यात नर्सबाई आहे. लसीकरणाच्या दिवशी ती डबा खांद्याला लावून दरेकशाकडच्या जंगलातल्या गावांत जाते. डब्यात चारी बाजूंनी बर्फाचे पॅक, मधे लसी. त्यांना 2 ते 8 अंश सेल्सिअस लागतं. मागच्या हिवाळ्यात मीही सोबत गेले होते. तिने पॅक फ्रीजरमधून काढून टेबलावर मांडले आणि नुसती बसून राहिली. मी म्हटलं, "मावशी, उशीर होतोय ना!" तर तिने एक पॅक माझ्या कानाशी हलवला. "पाणी वाजते का पाह्य. वाजल्याशिवाय भरायचे नाही."

कारण असं की पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस-बी, धनुर्वाताची लस, या गोठल्या की बाद. त्यांच्यातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराच्या गुठळ्या होतात. पुन्हा वितळल्यावर मात्र वरवर पाहून पटकन कळत नाही. बाटलीवर एक गोल आणि आत चौकोन असतो ना (पोलिओच्या लसीवर तो 1996 मध्ये आला), तो उष्णतेने हळूहळू गडद होतो. चौकोन गोलाइतका गडद झाला की लस फेकायची. फार हुशार लेबल! पण ते फक्त गरमीचा हिशोब ठेवतं. मावशी म्हणाली, "गरमीचं चौकोन सांगते, थंडीचं कोण सांगंल?"

मी सेन्सरच्या मागे लागले ती तिथून.

थर्मिस्टर आपण सगळ्यांनी लॅबमध्ये पाहिलाय. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो. 25 अंशांना 10 किलोओहम असलेला नेहमीचा मणी 5 अंशांना साधारण 25 किलोओहम दाखवतो. हाच थर्मिस्टर शाईने छापता येतो. लग्नपत्रिका छापतात तसंच स्क्रीन प्रिंटिंग! शाईत अर्धवाहकाचे नॅनोकण, त्यांना धरून ठेवणारा बाइंडर आणि उडून जाणारं द्रावण. शाई वाळली की कण एकमेकांना टेकतात आणि वीज कणाकणांतून वाट काढते. अडचण अशी की सिलिकॉनवर हवेत ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज अडवतो. केपटाऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर मार्ग काढून सिलिकॉनच्या नॅनोकणांची शाई केली आणि त्यातून पीएसटी सेन्सर्स ही कंपनी निघाली. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांवर काम करणारी सी-मेट ही सरकारी संस्था 1990 पासून आहे, मुख्यालय पुण्यात. तिच्या त्रिशूरच्या प्रयोगशाळेत थर्मिस्टर वापरून स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी अंगावर घालायचं साधन झालं. त्यासाठी डॉ. ए. सीमा यांना 2018 चा नारी शक्ती पुरस्कार मिळाला.

मग बाजारात ढीग का नाही? हिशोब करा. त्या मण्याचा रोध अंशाला सुमारे 4 टक्के बदलतो. छापताना थर 10 टक्के जाड-पातळ झाला तर चूक दोन अंशांच्या वर! लसीच्या डब्यात दोन अंश म्हणजे सगळंच संपलं. म्हणून प्रत्येक तुकडा तपासून त्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं, आणि शाईपेक्षा तेच महाग पडतं. शिवाय ओलावा. आम्ही ओएचपी शीटवर कार्बनची शाई छापून पाहिली. पावसाळी दिवशी रीडिंग जे पळायला लागलं! लॅमिनेशन केल्यावर थोडं ताळ्यावर आलं. शीट वाकवली तरी आकडा बदलतो, तो प्रश्न अजून तसाच आहे.

आमचे सर म्हणाले, काही रुपयांचा मणी मिळतो, छापता कशाला? प्रश्न बरोबर आहे. बाटलीगणिक सेन्सर लावणं मलाही वेडेपणा वाटतो, कारण सेन्सर स्वस्त झाला तरी चिप आणि बॅटरी होत नाही. पण मणी एकाच जागचं तापमान सांगतो, आणि लस गोठते ती पॅकला टेकलेल्या बाजूला. छापलेल्या पट्टीवर एका ओळीत दहा ठिपके बसतात. अशी पट्टी डब्यात आतून चारी बाजूंनी फिरवायची, झाकणात एकच चिप, डबा रोज तोच. एखादा ठिपका शून्याखाली गेला की लाल दिवा.

मावशीला फोनवर हे सगळं समजावलं. तिने एवढंच विचारलं, "धुतलं तर चालंल का? डबा आम्ही रोज धुतो."

ते आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.