“बस वं माय!”

वाशीम जिल्ह्यातले पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे, जगदंबेचे देऊळ आहे. रामनवमीला महाराष्ट्रातूनच नव्हे, तर कर्नाटक-तेलंगणातूनही माणसे येथे लोटतात. अशाच एका रामनवमीला मी मानोऱ्याहून जीपने निघाले होते. जन्म माझा वाशीमचा, तिथेच पस्तीस वर्षे मास्तरीण म्हणून काढली. पण या यात्रेला जाण्याची ही पहिलीच खेप.

गाडी खच्चून भरलेली. शेजारी एक म्हातारी बंजारा बाई होती. आरसे जडवलेली कांचळी, लाल फेटिया, दंडापर्यंत बांगड्या. वाटेत एका फाट्यावर एक तृतीयपंथी चढली. हिरवे लुगडे, हातात नारळ. मंडळी एकदम आखडली. खरे सांगते, मीही पदर आवरून घेतला. तेवढ्यात म्हातारी सरकली आणि म्हणाली, “बस वं माय! जागा होते.”

आमच्या वऱ्हाडात हे ‘वं’ फक्त बाईलाच लावतात. शिकलेसवरलेली मी मनातल्या मनात ‘ही की हा’ करीत बसले होते, आणि म्हातारीने एका अक्षरात निकाल लावून टाकला!

मला आमची आजी आठवली. दुपारच्या उन्हात बाहेर पडलो की ती सांगायची, “लमाणी झोळीत घालून नेतील.” आणि माझ्या भावांना निराळाच धाक: “हिजडे पळवून नेतील.” या दोन भित्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे तेव्हा कशाला वाटते?

संबंध होता, आणि तो सरकारी कागदावर होता. १८७१ साली इंग्रजांनी एक कायदा केला. त्याच्या नावातच ‘गुन्हेगार जमाती’ आणि ‘खोजे’ यांची नोंदणी असे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी बसवले आहेत. पहिल्या भागात अख्खी जमातच जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची सोय. त्या शिक्क्याविरुद्ध कोर्टात दाद नाही, आणि परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. दुसऱ्या भागात मुले पळवल्याचा नुसता संशय आला की खोजांचे नाव वहीत चढणार. मग बाईच्या वेषात रस्त्यावर दिसले, तर वॉरंटावाचून अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. मृत्युपत्र करायचे नाही, दत्तक घ्यायचे नाही. आजीने हा कायदा कधी वाचला नव्हता. पण त्याचा संशय मात्र तिच्या तोंडी जसाच्या तसा बसला होता.

हा कायदा आधी उत्तरेत आला आणि १९११ च्या नव्या कायद्याने देशभर पसरला. तोवर बंजाऱ्यांचा धंदा बुडालाच होता. पूर्वी त्यांच्या बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य मुलखोमुलखी जाई. १८६७ मध्ये रेल्वे आमच्या वऱ्हाडातून नागपूरला पोचली, आणि ज्या पायांनी देश पोसला ते पाय ‘भटके’ ठरले. तांडे पांगले, भाषा तेवढी बरोबर राहिली. देशाच्या अनेक भागांत या समाजावर तो शिक्का बसला. महाराष्ट्रात तो आजही ‘विमुक्त जातीं’त मोडतो, हा शब्दच त्या कायद्याची खूण आहे.

यात बायकांचे काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही. तांड्याची बाई पुरुषाच्या बरोबरीने चालणारी. तिचे चालणेच संशयाचे झाले, आणि तिच्या अंगावरचा घागरा दुरून ओळखू येणारा पुरावा ठरला. इकडे तृतीयपंथीयांचे लुगडे तर सरळ गुन्हाच. एकीने आपला वेष टाकावा, दुसरीने तो मुळी नेसूच नये! बाईने कसे दिसावे आणि कुठे थांबावे, हे ठरवणारे साहेब मात्र दोघींनाही एकच.

स्वराज्यात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी जमातींचा कायदा गेला. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना आपले लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्या निकालात १८७१ च्या कायद्याचीही आठवण काढली आहे. कागद फाटले. मग त्या गाडीत माझा पदर कोणी आवरला?

देवळाजवळ उतरल्यावर मी म्हातारीला हळूच विचारले, “मावशी, तुम्हाला संकोच नाही वाटला?”

ती हसली. “आमाले पाहून लोकं दारं लावत, बाई. आता हिले पाहून म्या लावू काय?”

देवीपुढे वाढवलेला नारळ घेऊन ती हिरव्या लुगड्यातली बाई परत आली. तिने एक तुकडा म्हातारीच्या हातावर ठेवला. दुसरा माझ्यापुढे धरला, पण जरा अंतर राखूनच. बहुधा माझा तो पदर तिने पाहिला असावा.

मी पुढे होऊन म्हटले, “दे वं माय.”