जुन्या गाण्यांचा संग्रह वाटताना

‘साठ वर्षं झाली, आता गाणं सगळ्यांचं,’ हा समज अर्धाच खरा आहे. एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन वेगवेगळे हक्क असतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या वर्षानंतर साठ वर्षं टिकतो. शब्द आणि चालीचा मात्र कवी-संगीतकाराच्या मृत्यूच्या वर्षानंतर साठ. कवी गदिमा १९७७ मध्ये गेले, संगीतकार सुधीर फडके २००२ मध्ये. म्हणजे ‘गीतरामायणा’चे शब्द २०३७च्या अखेरपर्यंत आणि चाली २०६२च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत, तबकडी कितीही जुनी असो.

स्वतःपुरतं ऐकण्याला कायद्याची हरकत नाही. पण निवडक गाण्यांचा पेन ड्राइव्ह भरून वाटला किंवा यूट्यूबवर चढवला, तर परवानगी लागते. ‘श्रेय मूळ कलाकारांना’ अशी ओळ टाकल्याने काहीही साधत नाही, पैसे घेतले नाहीत म्हणूनही सुटका नाही. (लग्नाच्या वरातीत गाणी वाजवायला कायद्याने सूट आहे, वाटायला नाही.) ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुधा कंपनीकडे असतो, शब्द-चालींसाठी आयपीआरएस या संस्थेकडे विचारणा करावी. सोपी वाट म्हणजे फाइल न पाठवता अधिकृत चॅनेलवरच्या गाण्याचा दुवा पाठवणं.